परमच्या पोटातला प्रोसेसर

पीसी अपग्रेड करायला निघालेल्या माणसाला खरा प्रश्न वेगाचा पडत नाही, सॉकेटचा पडतो. नवा प्रोसेसर जुन्या मदरबोर्डात बसेल का? २०१७ साली इंटेलने आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर काढले. पिना तेवढ्याच, ११५१, पण आदल्या वर्षीच्या बोर्डात चालणार नाहीत म्हणे. घ्या नवा बोर्ड! उलट एएमडीचा एएम४ सॉकेट बघा. पहिल्या रायझनसाठी २०१७ ला घेतलेल्या कित्येक बोर्डांत बायोस अपडेट करून २०२२ चा प्रोसेसर बसला. थोडक्यात काय, सॉकेट ज्याच्या हातात, आपलं अपग्रेड त्याच्या हातात.

तर मंडळी, हाच प्रश्न १९९२ च्या सुमारास एका सरकारी संस्थेला पडला होता. तीही लांब कुठे नाही, इथेच. पिंपळे गुरवहून औंधमार्गे पुण्यात जाताना विद्यापीठ लागतं ना, त्याच्याच आवारात. सी-डॅक.

आधीची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. ऐंशीच्या दशकात भारताला अमेरिकेचा क्रे महासंगणक हवा होता. हवामानाच्या अंदाजासाठी एक लहान मॉडेल मिळालं, तेही अटी घालून. बंगळूरच्या आयआयएससीला हवा होता तो मिळालाच नाही. मग १९८८ साली सी-डॅक स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकरांकडे (मूळचे अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे) धुरा आली. मुदत तीन वर्षं, पैसे ३० कोटी. १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. दर २६ जानेवारीला आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ही कथा फिरते, आणि तिच्यात हमखास एक वाक्य असतं: "भारताने स्वतःची चिप बनवली."

नाही हो. परम ८००० मधली चिप इंग्लंडची होती. ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीचा टी-८०० ट्रान्सप्युटर.

ही चिप मात्र फार मजेदार. १९८७ ची. आत ३२ बिटचा प्रोसेसर, त्याच तुकड्यावर दशांश गणितासाठी वेगळं युनिट, ४ किलोबाइट मेमरी, आणि शेजाऱ्यांशी बोलायला चार सिरियल लिंका. म्हणजे चिपला चार हात. एकीचा हात दुसरीच्या हातात द्यायचा आणि साखळी, जाळी, काय हवं ते विणायचं. क्रेचा एक राक्षसी प्रोसेसर देत नाही? ठीक आहे, आम्ही साधे शेकड्याने जोडतो, असा सगळा मामला. २५६ टी-८०० मिळून सुमारे १ गिगाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला शंभर कोटी आकडेमोडी. आज आपला बऱ्यापैकी डेस्कटॉप याच्या शेकडोपट करतो, पण तो हिशोब इथे गैरलागू. ते १९९१ होतं, आणि तेव्हा पुण्यात घरगुती फोनसाठी नंबर लावावा लागायचा.

ओव्हरक्लॉकिंगवाल्यांसाठी एक गंमत. टी-८०० ला बाहेरून फक्त ५ मेगाहर्ट्झचं घड्याळ द्यायचं, चिप आतल्या आत त्याचा गुणाकार करायची. किती पट, ते तीन पिनांवर ठरायचं. त्या पिना वेगळ्या जोडल्या की २० च्या चिपला २५ मेगाहर्ट्झवर पळायला सांगता यायचं! पुढे १९९८ मध्ये इंटेलच्या सेलेरॉन ३०० ए ने जगभरच्या पोरांना जे वेड लावलं ते याचंच भावंड. तिथे गुणक ४.५ ला कुलूपबंद होता, पण बसचा वेग ६६ वरून १०० केला की ३०० ची चिप ४५० मेगाहर्ट्झवर चालायची. स्लॉटमधल्या कार्डाच्या एका पिनेवर चिकटपट्टी लावूनसुद्धा लोक हे करत.

मग परमवाल्यांनी वेग असाच का नाही वाढवला? कारण शेकडो चिपा एकत्र चालतात तेव्हा हा जुगार परवडत नाही. घरी गेम खेळताना पीसी हँग झाला तर रिस्टार्ट करता येतो. इथे शेकड्यातली एक चिप तापून चुकली, तर तिचं चुकीचं उत्तर शेजारणीकडे जातं, तिचं पुढचीकडे, आणि तीन दिवस चाललेलं गणित मुकाट्याने चुकीचं निघतं. हँग झालेलं परवडलं, दिसतं तरी!

म्हणजे खरा मार्ग एकच, प्रोसेसर बदलणं. आणि नेमकी इथे पंचाईत झाली. इनमॉसने टी-९००० जाहीर केला होता, टी-८०० च्या दहापट वेगाचं वचन देऊन. तो लांबत गेला, ते वचन कधीच पुरं झालं नाही, आणि शेवटी ट्रान्सप्युटरचं घराणंच संपलं. सी-डॅकने ज्या सॉकेटवर पैज लावली होती त्याला पुढचा प्रोसेसरच उरला नाही. आपल्या बाबतीत हे झालं तर फार तर बोर्ड आणि रॅम जाते. त्यांच्या बाबतीत देशाचा कार्यक्रम पणाला होता, आणि कारण साधं: ज्या कंपनीचं भवितव्य तुमच्या हातात नाही, तिच्या एका चिपभोवती सगळं उभं केलेलं.

त्यांनी काय केलं हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत हुशारीचं काम वाटतं. ट्रान्सप्युटर काढून टाकले नाहीत. त्यांना बोलण्याचं काम ठेवलं आणि गणिताचं काम इंटेलच्या आय-८६० वर टाकलं. एका नोडमध्ये एक आय-८६० आणि चार टी-८००. हा परम ८६००. (तिकडे ट्रॉम्बेला बीएआरसीच्या 'अनुपम' मध्येही हाच आय-८६० होता.) आय-८६० ही कागदावर भन्नाट चिप, ४० मेगाहर्ट्झवर ८० मेगाफ्लॉप. प्रत्यक्षात कंपायलरला तिच्याकडून त्याचा लहानसा हिस्साच काढता यायचा, म्हणून ती डेस्कटॉपवर कधी चाललीच नाही. तरीही परम ८६०० चा एक क्लस्टर जुन्या चार क्लस्टरांच्या बरोबरीचा भरला.

आणि मुख्य मुद्दा हार्डवेअरचा नाहीच. प्रोग्राम ज्यावर लिहायचे ते 'पारस' नावाचं सॉफ्टवेअर दोन्ही यंत्रांवर तेच ठेवलं. ८००० वर लिहिलेला कोड ८६०० वर नेता यायचा. आपण सॉफ्टवेअरवाले, आपल्याला याची किंमत वेगळी सांगायला नको. चिप बदलली आणि वापरणाऱ्याचा कोड मोडला नाही, हेच तर अपग्रेड.

१९९४ च्या परम ९००० मध्ये हा धडा थेट रचनेतच उतरला. मशीन असं आखलं की प्रोसेसर कुठलाही असो: सुपरस्पार्क, अल्ट्रास्पार्क, नाहीतर डेकचा अल्फा. चार वर्षांनी परम १०००० आला तेव्हा तर नोड म्हणून सनचे तयार सर्व्हरच घेतले आणि आपली मेहनत सिस्टिम सॉफ्टवेअर आणि पॅरामनेट या स्वतःच्या नेटवर्कवर लावली. २००२ ला परम पद्मात आयबीएमचे पॉवर४ आले. २००३ च्या जूनमध्ये पद्मा जगातल्या टॉप ५०० मध्ये १७१ वा होता. २००८ च्या परम युवात इंटेल झिऑन, आणि २०१३ मध्ये त्याचंच अपग्रेड, युवा २: ५२४ टेराफ्लॉप, आधीच्या साधारण दहापट, आणि वीज मात्र ३५ टक्के कमी. ब्रिस्टल, इंटेल, सन, आयबीएम, परत इंटेल... पेटीवरचं नाव तेवढं कायम.

यावर टीका होते की हे तर परदेशी डबे जोडणं झालं. अर्धी टीका मला मान्य आहे. प्रोसेसर आपला नाही म्हणजे ज्या दिवशी समोरचा 'नाही' म्हणेल त्या दिवशी आपण परत १९८७ मध्ये. पण उरलेली अर्धी अन्यायाची आहे. शेकडो प्रोसेसर एकमेकांशी बोलते ठेवणं आणि वर चाललेलं गणित न मोडता खालचे प्रोसेसर बदलणं, हे ज्ञान कुठल्या डब्यात मिळत नाही. ते इथल्या माणसांनी इथेच कमावलं. १९९२ ला त्यांनी ट्रान्सप्युटरची वाट बघत बसायचं ठरवलं असतं, तर परम हे नाव आज आपल्याला फक्त जीकेच्या प्रश्नात भेटलं असतं.

२६ सप्टेंबर २०२४ ला तीन परम रुद्र यंत्रांचं उद्घाटन झालं: दिल्ली, कोलकाता आणि आपल्याकडे जीएमआरटी. चाकणची ट्रॅफिक पार करून नाशिक रस्त्याने नारायणगावला जा, तिथून आत खोडद, जिथे त्या महाकाय अँटेना उभ्या आहेत. रुद्र सर्व्हरचा बोर्ड सी-डॅकने स्वतः आखलेला आहे. म्हणजे मदरबोर्डपर्यंत आपण पोचलो. त्यावर बसलेला प्रोसेसर इंटेलचा झिऑन. सी-डॅकने 'औम' नावाच्या स्वतःच्या चिपचीही घोषणा केली आहे, तिचे गाभे आर्मचे, म्हणजे पुन्हा इंग्लंडचे, या खेपेला केंब्रिजचे. असो. खोडदच्या यंत्राला दिलेलं एक काम म्हणजे अवकाशातून येणारे, सेकंदाच्या हजाराव्या भागात संपणारे रेडिओ स्फोट शोधणं.