स्वयंपाकघरातील छतदिवे : निवड आणि जोडणी

पारोळ्यासारख्या खानदेशातील गावांत आज दोन प्रकारची घरे शेजारी शेजारी उभी दिसतात. जुन्या पेठेत लाकडी सर-कड्यांची, मातीच्या थराची धाब्याची घरे आहेत, तर नव्या वसाहतींत आरसीसी स्लॅबचे बंगले व सदनिका. स्वयंपाकघरात मात्र दोन्हीकडे एकच उणीव आढळते. ट्यूबलाइट मागच्या भिंतीवर असते आणि ओट्याशी उभ्या असलेल्या गृहिणीची सावली नेमकी विळीवर, तव्यावर किंवा तापलेल्या तेलावर पडते. छतात बसणाऱ्या एलईडी दिव्यांमुळे ही अडचण दूर होऊ शकते. त्यासाठी निवड आणि जोडणी दोन्ही विचारपूर्वक व्हायला हव्यात.

आधी छत पाहा

छतात दडवायच्या दिव्याला वर पोकळी लागते. तयार स्लॅब फोडून दिवा बसवणे सर्वथा गैर आहे, कारण त्यामुळे लोखंडी सळ्या उघड्या पडतात. नवे बांधकाम सुरू असल्यास स्लॅब ओतण्यापूर्वीच दिव्यांच्या जागी डबे व पाइप टाकून घ्यावेत. बांधलेल्या घरात पीओपी किंवा जिप्सम बोर्डाचे फॉल्स सीलिंग करावे लागते. त्यासाठी छत 4 ते 6 इंच खाली येते. मूळ उंची साडेनऊ फुटांपेक्षा कमी असल्यास संपूर्ण छत झाकण्याऐवजी ओट्यावर तेवढी दोन-अडीच फुटांची पट्टी करणे श्रेयस्कर.

धाब्याच्या घरात फळ्यांना भोके पाडू नयेत. वरची माती झरते, लाकूड कमकुवत होते. फटींतून ओढलेली वायर उंदरांनी कुरतडल्यास कोरड्या लाकडाला आग लागण्याचा धोकाही असतो. अशा घरांत छताच्या पृष्ठभागावर बसणारे चपटे दिवे वापरावेत आणि वायर पाइपातून न्यावी.

किती प्रकाश हवा?

स्वयंपाकघरात सर्वसाधारणपणे 200 लक्स, तर ओट्यावर 300 लक्सच्या आसपास प्रकाश असावा. 10 बाय 8 फुटांच्या स्वयंपाकघराचे क्षेत्रफळ सुमारे 7.4 चौरस मीटर भरते. म्हणजे सुमारे 1,480 ल्युमेन प्रकाश प्रत्यक्ष कामाच्या जागी पोहोचला पाहिजे. भिंती, धूळ व तेलकट थर यांत सुमारे 40 टक्के प्रकाश वाया जातो असे धरल्यास दिव्यांतून जवळपास 2,500 ल्युमेन मिळायला हवेत. चांगला एलईडी दिवा एका वॅटमागे 90 ते 100 ल्युमेन देतो. त्यामुळे 6 वॅटचे पाच दिवे पुरेसे होतात. घरात वृद्ध मंडळी असतील, डाळ-तांदूळ निवडण्याचे काम रोजचे असेल, तर हा थोडा जास्तीचा प्रकाश उपयोगीच पडतो.

मांडणी

पाचपैकी तीन दिवे ओट्याच्या रांगेत आणि दोन समोरच्या बाजूस घ्यावेत. ओटा 2 फूट खोल असल्यास दिव्याचा मध्य भिंतीपासून पावणेदोन फुटांवर असावा, म्हणजे दिवा उभ्या माणसाच्या पुढे येतो आणि सावली कामावर पडत नाही. 10 फुटांच्या ओट्यावर दोन दिव्यांतील अंतर सुमारे 3 फूट 4 इंच आणि टोकाच्या भिंतीपासून त्याच्या निम्मे ठेवावे. ओट्यावर कपाटे असल्यास त्यांच्या तळाशी एलईडी पट्टीही लावावी. गॅसच्या शेगडीच्या अगदी वर दिवा नको. तेथे वाफ व तेल थेट पोहोचते.

पंखा असल्यास त्याच्या पात्यांच्या फेऱ्यात दिवा येऊ देऊ नये, अन्यथा प्रकाश सतत लुकलुकतो. पंख्याचा भार फॉल्स सीलिंगवर नव्हे, तर स्लॅबमधील हुकावर हवा. पाती जमिनीपासून किमान 8 फूट उंच राहतील हेही पाहावे.

खरेदी करताना

3000 केल्विनचा प्रकाश पिवळसर, 4000 केल्विनचा नैसर्गिक पांढरा आणि 6500 केल्विनचा निळसर पांढरा असतो. स्वयंपाकघरासाठी 4000 केल्विन सोयीचा. रंगदर्शन निर्देशांक 80 पेक्षा अधिक असावा, म्हणजे काळा मसाला करपला की नुसता परतला, हे डोळ्यांना अचूक कळते. वेष्टनावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह व नोंदणी क्रमांक पाहावा. दिव्याची काच किंवा आवरण बंद असावे. सिंकजवळ आयपी 44 दर्जाचा दिवा घ्यावा.

खानदेशात सर्वाधिक महत्त्व आहे ते उष्णतेला. मे महिन्यात पारा 44-45 अंशांपर्यंत जातो. वरच्या मजल्यावर तापलेला स्लॅब आणि फॉल्स सीलिंग यांच्यामधील हवा त्याहून गरम होते. एलईडीच्या ड्रायव्हरमधील कपॅसिटरचे आयुष्य तापमान 10 अंशांनी वाढल्यास साधारण निम्मे होते. स्वस्त दिवे लवकर बंद पडतात ते बहुधा याच कारणाने. म्हणून ॲल्युमिनियमची बॉडी व वेगळा, बदलता येणारा ड्रायव्हर असलेला दिवा निवडावा. दिव्याच्या वर 2 ते 3 इंच मोकळी जागा ठेवावी आणि त्यावर थर्माकोल टाकू नये. विजेचा दाब कमी-जास्त होत असल्यास 100 ते 300 व्होल्ट झेपणारा ड्रायव्हर घ्यावा.

जोडणी

काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. मेन स्विच बंद करून टेस्टरने खात्री केल्याशिवाय वायरला हात लावू नये. दिव्यांच्या सर्किटसाठी 1.5 चौरस मिलिमीटरची ज्वालारोधक तांब्याची वायर वापरावी. एका सर्किटवर 10 पेक्षा अधिक पॉइंट किंवा 800 वॅटपेक्षा जास्त भार नसावा. स्विच फेजवर असावा, धातूच्या बॉडीला अर्थिंग द्यावे आणि मुख्य फलकावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. सांधे नुसत्या टेपने न गुंडाळता जंक्शन बॉक्समध्ये कनेक्टरने करावेत. दिव्याचा व्यास मोजूनच बोर्डाला भोक पाडावे, कारण मोठे पडलेले भोक बुजवता येत नाही.

ओट्यावरील तीन दिव्यांचा स्विच स्वतंत्र ठेवावा. अवघ्या 18 वॅटचा हा भार इन्व्हर्टरवर सहज चालतो. त्यामुळे संध्याकाळी ऐन स्वयंपाकाच्या वेळी वीज गेली, तरी तव्यावरची भाकरी अंधारात उलटण्याची वेळ येत नाही.