झाडू आणि स्टिअरिंग

झाडू कधी आला हे कुणी सांगू शकत नाही. रस्ता झाडणाऱ्या यंत्राचा काळ मात्र सांगता येतो. १८४० च्या दशकात मँचेस्टरमध्ये जोसेफ व्हिटवर्थने घोड्याने ओढायचं यंत्र केलं. चाकं फिरली की साखळीला लावलेले झाडू फिरायचे आणि चिखल वर चढवून गाडीत टाकायचे. १८९६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रुक्स यांनी फिरत्या ब्रशांच्या गाडीचं पेटंट घेतलं. पुढे मोटार आली, घोडा गेला आणि गाडीवाल्याचा ड्रायव्हर झाला.

या ड्रायव्हरचं काम सोपं नाही बरं का! इतर ड्रायव्हर रस्ता मागे टाकतात, याला रस्ता कडेकडेने इंचाइंचाने उचलायचा असतो. वेग वाढला की कचरा मागे राहतो, पाणी कमी पडलं की धूळ उडते, जास्त झालं की चिखल होतो. फुटपाथची कड नीट दिसावी म्हणून काही गाड्यांना दोन्ही बाजूंना स्टिअरिंग असतं. आणि कडेला मोटारी उभ्या असल्या, की ब्रश तिथे पोचतच नाही. तिथे पुन्हा माणूस आणि त्याचा झाडूच लागतो.

आता आपल्या विषयाचा गाभा. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये, लाहोरला होऊ न शकलेल्या आपल्या भाषणात, एक भेद दाखवला : जात ही नुसती श्रमांची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे. यंत्र श्रम बदलतं. पण श्रमिकांची ती वाटणी यंत्राने आपोआप बदलते का? आपल्याकडे झाडू पिढ्यान् पिढ्या जन्माने हातात आला. स्टिअरिंग मात्र परवान्याने हातात येतं. आणि वाहतुकीच्या वाहनाच्या परवान्यासाठी किमान आठवी पासची अट होती. ती २०१९ मध्ये निघाली. म्हणजे ज्याला शाळेऐवजी झाडू मिळाला, त्याच्यासाठी यंत्राची खुर्चीसुद्धा बंद होती!

म्हणून महापालिकेने नवं यंत्र घेतलं, की त्याची किंमत जरूर विचारा. पण त्याबरोबर हेही विचारा, की काल इथे झाडणाऱ्या माणसाला ते चालवायला शिकवलं का? पगार ड्रायव्हरचा मिळतो का? उत्तर ‘नाही’ असेल, तर रस्ता स्वच्छ झाला असेल, पण वाटणी जिथल्या तिथे राहिली, असंच म्हणावं लागेल.