सेंत-एमिलियोंची ‘ज्युराद’

दोर्दोन्य नदीच्या उत्तरेस वसलेले सेंत-एमिलियों हे लहानसे फ्रेंच नगर द्राक्षमद्याकरिता विख्यात आहे; परंतु त्याच्या इतिहासाचे मर्म ‘ज्युराद’ या शब्दात सापडते. ११५२ मध्ये आक्वितेनची डचेस एलिआनोर हिचा हेन्री प्लांटाजेनेटशी विवाह झाला. ११५४ मध्ये हेन्री इंग्लंडच्या गादीवर येताच हा प्रदेश आंग्ल राजांच्या सत्तेखाली गेला. त्यांचा पुत्र जॉन याने ११९९ मध्ये नगरास सनद दिली. त्या वर्षी पुतण्या आर्थर हाही राज्यावर हक्क सांगत असल्याने जॉनला नगरांच्या निष्ठेची निकड होती. म्हणून ही सनद केवळ औदार्याची द्योतक मानता येत नाही. ज्युराद म्हणजे शपथबद्ध नागरिकांची सभा. ‘शपथ घेणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून हा शब्द सिद्ध झाला आहे. नगराचा कारभार व मद्याची प्रत यांवर तिचा अधिकार चाले. १२८९ मध्ये पहिल्या एडवर्डने तिच्या अधिकारक्षेत्राची सीमा ठरविली. तीत आठ पॅरिश येत. १४५३ मध्ये जवळच्याच कास्तियों येथील लढाईने आंग्ल सत्ता संपली. पुढे फ्रेंच राज्यक्रांतीत ज्युरादही लोपली. १९४८ मधील तिचे पुनरुज्जीवन मद्याच्या प्रतिष्ठेपुरते होते. तथापि १९९९ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदविले ते आठ गावांचे हेच क्षेत्र, आणि तेही ‘ज्युरिदिक्सियों’ या जुन्या नावानेच.