इनामगाव का उठलं?

गाव कसं वसतं यावर आपण बरेचदा बोलतो. आज ते उठतं कसं, ते पाहू. हे शोधायला एकट्या पुरातत्त्वाची कुदळ पुरत नाही.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, अन्सारी, ढवळीकर या मंडळींनी तिथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. इ. स. पू. १६०० ते ७००, म्हणजे सुमारे नऊशे वर्षं इथे वस्ती होती. सुरुवातीची भांडी माळवा वळणाची, नर्मदेवर महेश्वरसमोर असलेल्या नावडातोलीला मिळाली तशी. तेव्हा इंदूरच्या मंडळींनो, ही गोष्ट तुमचीही आहे.

पुरातत्त्वाने घरं दाखवली. आधी चौकोनी, ऐसपैस घरं होती. पाण्यासाठी पाट आणि बांध होता. इ. स. पू. १००० नंतर मात्र लहान, गोल झोपड्या आल्या. वनस्पतितज्ज्ञांनी जळके दाणे तपासले, तेव्हा जव हे मुख्य पीक असल्याचं दिसलं. प्राण्यांच्या हाडांच्या अभ्यासकांना शेवटच्या काळात हरणांची शिकार वाढलेली आढळली. हे सगळं जोडून ढवळीकरांनी निष्कर्ष काढला: पाऊस कमी झाला, शेती बसली, लोक भटके झाले.

पटण्यासारखंच आहे. मीही कितीतरी वर्षं हेच सांगत आलो.

पण इथले लोक लहान मुलांना घराच्या जमिनीखाली पुरत. दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत मूल ठेवत. त्यामुळे एरवी टिकत नाहीत अशी कोवळी हाडं आपल्या हाती आली. जैवमानवशास्त्रज्ञ ग्वेन रॉबिन्स शुग यांनी ती अभ्यासली आणि २०११ मध्ये पुस्तक लिहिलं. शेवटच्या काळात मुलांची वाढ खुंटली होती, हे त्या हाडांवरून दिसलं. शिवाय हवामानाचे पुरावे पुन्हा तपासून त्यांनी मुद्दा मांडला की इथलं हवामान आधीपासूनच निमकोरडं होतं. मग सगळं खापर एकट्या दुष्काळावर कसं फोडायचं? शेतीची पद्धतच त्या जमिनीला पेलवत नव्हती का, हेही विचारायला हवं.

हा वाद नुसता विद्वानांचा नाही. आजही गाव रिकामं झालं की आपण म्हणतो, पाऊस पडला नाही. तेवढ्यावर थांबलो, की पीक कुठलं घेतलं, पाणी कसं वापरलं, हे प्रश्न विचारायचे राहून जातात.

म्हणून आता इनामगावबद्दल बोलताना ढवळीकरांचा निष्कर्ष मी आजही सांगतो, पण त्या मडक्यांतल्या मुलांची साक्ष त्याला जोडूनच. एकाच शास्त्राचं ऐकून गावाचा निकाल लावू नये.