ग्रिमेटोनचे सहा मनोरे

पहिले महायुद्ध पेटताच, ५ ऑगस्ट १९१४ रोजी, ‘अलर्ट’ नावाच्या ब्रिटिश जहाजाने इंग्लिश खाडीच्या तळाशी असलेल्या जर्मन तारा वर ओढून तोडून टाकल्या. युद्धात न उतरलेल्या देशांनीही त्यातून एक धडा घेतला. समुद्राखालची तार ज्याच्या ताब्यात, त्याच्या मर्जीवर आपला निरोप पोहोचणार किंवा अडणार. स्वीडनला ही गोष्ट विशेष झोंबली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून त्या देशाची दहा लाखांहून अधिक माणसे अमेरिकेत जाऊन वसली होती. व्यापाराइतकाच नात्यागोत्याचाही प्रश्न होता. परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या घराण्यांना त्याचे मर्म वेगळे सांगायला नको.

या गरजेतून स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर, वारबेरी शहराजवळच्या ग्रिमेटोन या खेड्यात, दीर्घलहरी प्रक्षेपण केंद्र उभे राहिले. जागेची निवड विचारपूर्वक होती. तेथून न्यूयॉर्ककडे जाणारी सरळ वाट नॉर्वे, डेन्मार्क व स्कॉटलंड यांच्या भूमीला वळसा न घालता बहुतांशी खुल्या समुद्रावरून जाते, आणि खाऱ्या पाण्यावरून दीर्घलहरी फारशा क्षीण न होता दूरवर पोहोचतात. १२७ मीटर उंचीचे सहा पोलादी मनोरे एका रांगेत, एकमेकांपासून ३८० मीटर अंतरावर उभारले गेले. हेन्रिक क्र्यूगेर हे त्यांचे अभियंते. इमारतींचा आराखडा कार्ल ओकेरब्लाड यांचा. १ डिसेंबर १९२४ रोजी काम सुरू झाले. २ जुलै १९२५ रोजी राजे पाचवे गुस्ताव्ह यांनी रीतसर उद्घाटन केले आणि अमेरिकेचे अध्यक्ष कूलिज यांना संदेश धाडला.

या केंद्राचा प्राण म्हणजे अर्न्स्ट अलेक्झांडरसन यांनी सिद्ध केलेला प्रत्यावर्तक. अलेक्झांडरसन १८७८ मध्ये उप्साला येथे जन्मले आणि पुढे अमेरिकेत जाऊन जनरल इलेक्ट्रिक कंपनीत रमले. म्हणजे परदेशी गेलेल्या सुपुत्राचेच यंत्र मायदेशी परतले! या यंत्रात एकही व्हॉल्व्ह नाही. विद्युत्गृहातील जनित्राचेच ते भावंड. फरक केवळ वेगाचा आणि बारकाईचा. १.६ मीटर व्यासाच्या पोलादी चकतीच्या कडेला ४८८ खाचा आहेत. चकती मिनिटाला २११५ फेरे घेते, म्हणजे सेकंदाला सव्वापस्तीस. याला ४८८ ने गुणले की १७,२०२ हा आकडा येतो. हीच त्या लहरीची दर सेकंदाची कंपने. लहरीची लांबी सुमारे १७.४ किलोमीटर! चकतीच्या कडेचा वेग ताशी सहाशे किलोमीटरांहून अधिक. कळ दाबली की यंत्रावर भार पडतो आणि वेग मंदावू पाहतो. वेग ढळला की कंपनसंख्याही ढळते. त्यामुळे तो वेग राखणे हेच येथले खरे कसब होते.

लहर इतकी लांब, त्यामुळे १२७ मीटरचे मनोरेही तिच्यापुढे खुजेच ठरतात. अशा एकाच खुज्या आकाशकाची पुष्कळशी शक्ती जमिनीत मुरून वाया जाते. अलेक्झांडरसन यांनी तोडगा काढला. आडव्या तारांपासून प्रत्येक मनोऱ्यापाशी एकेक तार वेटोळ्यामार्फत खाली जमिनीत नेली, जमिनीत तारांचे जाळे पुरले आणि प्रवाह सहा ठिकाणी वाटून दिला. जमिनीतला अपव्यय त्यामुळे बराच घटला. २०० किलोवॉटच्या या केंद्राची कळ दाबली जाई ती मात्र दूर गॉथेनबर्गच्या तारघरात.

या तंत्राचा वैभवकाळ अल्प ठरला. १९२० च्या दशकातच लघुलहरींनी थोड्या शक्तीत, स्वस्तात, तितकाच पल्ला गाठला. याची एक खूण आपल्या मुलखातही आहे. १९२७ साली इंग्लंडशी बिनतारी तारसेवा सुरू झाली ती लघुलहरींच्या झोतावर. प्रक्षेपण पुण्याजवळच्या खडकीहून आणि ग्रहण दौंडला. दीर्घलहरींचे अवाढव्य केंद्र येथे उभारण्याची गरजच उरली नाही.

इतरत्र ही यंत्रे भंगारात निघाली. ग्रिमेटोनच्या दोन संचांपैकीही एक मोडीत गेला. दुसरा वाचला, तो इतिहासप्रेमामुळे नव्हे. लघुलहरी समुद्राच्या पाण्यात शिरत नाहीत, अतिदीर्घ लहरी काही मीटर शिरतात. म्हणून पाणबुड्यांना संदेश देण्यासाठी स्वीडिश नौदलाला हे केंद्र हवे होते. युद्धातून निपजलेल्या गरजेने जन्म दिला आणि युद्धसज्जतेनेच जीवदान दिले, असा हा विरोधाभास आहे. जतनाची जाणीव त्यानंतरची. २००४ मध्ये युनेस्कोने या केंद्राचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. तेथे आजही बहुतेक वर्षी जुलैच्या आरंभी आणि नाताळच्या पूर्वदिनी ती चकती फिरते आणि जगभरचे हौशी ‘एसएक्यू’ ही तिची खूण कानात साठवतात.

आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये संपली. ‘तार आली’ या दोन शब्दांनी ज्या घरांत चूलही क्षणभर थबके, त्या घरांतल्या तारांचे कागद कदाचित अजून ट्रंकेत असतील. त्या वाहून आणणारी यंत्रे मात्र बहुतेक गेली. स्वीडनने आपले एक यंत्र केवळ काचेआड ठेवले नाही, ते फिरते ठेवले. वारसा जपणे आणि तो चालता ठेवणे यांतले अंतर ग्रिमेटोनकडे पाहिले की कळते. भाषेच्या वारशालाही हेच लागू आहे.