पाठमोऱ्या कुत्र्याला दिलेली हाक

कुत्र्याला माणसाचे शब्द कळतात की नुसता सूर, हा प्रश्न आज प्रयोगशाळेत गेला असला तरी त्याची मुळे इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवरच्या मेंढपाळीत आहेत. तिथल्या डोंगरउतारांवर कुत्रा मालकापासून कितीतरी दूर, मेंढ्यांवर डोळा रोखून काम करतो. मालकाचे हातवारे पाहायला त्याला फुरसत नसते. कानावर पडेल तेवढाच हुकूम. ‘कम बाय’ म्हटले की देवळाला प्रदक्षिणा घालावी तसा तो कळप उजव्या हाताला ठेवून फिरतो, ‘अवे’ म्हटले की उलटा. १८७३ मध्ये वेल्समधल्या बाला गावी अशा कामाची स्पर्धा भरली आणि जिंकला तो ट्वीड नावाचा स्कॉटिश कुत्रा. पुढे १८९३ मध्ये नॉर्थम्बरलंडात अ‍ॅडम टेल्फरकडे जन्मलेल्या हेम्प या कुत्र्याची वीण इतकी पसरली, की आजच्या बॉर्डर कॉली जातीची वंशावळ त्याच्यापाशी जाते. दुरून आवाजावर चालणाऱ्या कुत्र्याची पैदास करायची, हे या धंद्याने ठरवले.

हेक्टर नावाच्या कुत्र्याने घरातले बोलणे ऐकून दुसऱ्या दिवशीच्या मुक्कामी मालकाआधी हजेरी लावली, असे मेंढपाळ-लेखक जेम्स हॉग सांगतो. हॉग गोष्टीवेल्हाळ; ही साक्ष बाजूला ठेवलेली बरी. बर्लिनमधला ‘गणिती’ घोडा हान्स प्रश्नकर्त्याच्या नकळत हललेल्या डोक्यावरून उत्तरे देत होता, हे ऑस्कर फुंग्स्टने १९०७ मध्ये दाखवलेच होते. पण कुत्राही असाच शब्दांऐवजी मालकाच्या हालचाली वाचत असेल, ही शंका पाठमोऱ्या कुत्र्याला लागू पडत नाही. रिको या कॉलीलाही २००४ च्या प्रयोगात मालक दिसणार नाही अशा खोलीतूनच खेळणी आणायला लावली होती, आणि न ऐकलेले नाव कानी पडताच तो बहुतेक वेळा अनोळखी वस्तू उचलून आणी.

अधिक अवघड आक्षेप शिट्टीचा आहे. मेंढपाळ तोच हुकूम शिट्टीनेही देतो, मग शब्दात विशेष ते काय? कळपापुरते हे मान्य करावेच लागते. मात्र अमेरिकेतल्या चेझर या कॉलीने हजारावर वस्तूंची नावे शिकून ‘उचल’ आणि ‘नाक लाव’ या आज्ञा त्या नावांपासून वेगळ्या ओळखल्या. हे इशाऱ्याच्या पलीकडचे आहे. अर्थात घरोघरच्या बहुतेक कॉलींना दोन खेळण्यांची नावेही धड शिकता येत नाहीत. त्यात नवल नाही: डोंगरावर कुत्र्याला नाम कुणी शिकवलेच नव्हते, तिथे सगळा कारभार क्रियापदांचा.