सडलेलं गवत आणि तिथीचं ताट

आमच्या मोठ्या जाऊबाईंच्या मुहपत्तीच्या डब्यात एक छोटी वही ठेवलेली असते. तिच्यात तीनच रकाने आहेत : तारीख, आयएनआर, गोळी. लहानपणी सांध्यांचा ताप आला, तो हृदयाच्या झडपेवर बसला. पुढे नागपूरला नेऊन झडप बदलावी लागली. आदिलाबादहून नागपूर दोनशे किलोमीटरच्या आसपास. झडप धातूची असल्यामुळे तिच्यावर रक्ताची गाठ धरू नये म्हणून जन्मभर रक्त पातळ ठेवायची गोळी घ्यावी लागते. मी ती वही कितीदा पाहिली असेल, पण ती नीट वाचली एका चातुर्मासानंतर. तेव्हापासून या गोळीचा इतिहास मी शोधत गेले. तो आपल्या स्वयंपाकघराच्या इतका जवळचा निघेल असं वाटलं नव्हतं.

गोष्ट सुरू होते गाईगुरांपासून. १९२०च्या सुमारास कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरं विचित्र तऱ्हेने मरू लागली. शिंगं कापली किंवा साधी जखम झाली, की रक्त थांबतच नसे. फ्रँक स्कोफील्ड नावाच्या पशुवैद्याने चारा तपासला. 'स्वीट क्लोव्हर' नावाचं ते गवत पावसाळी हवेत ओलं राहून बुरसटलेलं होतं. त्यातले चांगले देठ एका सशाला आणि सडलेले दुसऱ्याला घातले. चांगलं खाणारा जगला, सडलेलं खाणारा रक्तस्राव होऊन मेला. उपाय सोपा होता, बुरसटलेला चारा घालू नका. पण ज्या शेतकऱ्याकडे दुसरा चाराच नाही त्याने काय करायचं?

असाच एक शेतकरी, एड कार्लसन, १९३३च्या फेब्रुवारीत बर्फाच्या वादळात सुमारे १९० मैल गाडी हाकत विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनला गेला. गाडीत मेलेली कालवड, सडलेल्या गवताचा भारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त. शनिवार असल्यामुळे सरकारी कचेरी बंद होती. शोधता शोधता तो रसायनशास्त्रज्ञ कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेच्या दारात पोचला. लिंक यांनी त्या दिवशी त्याला फार काही देता आलं नाही, पण ते रक्त त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. सहा वर्षं खपून १९३९ साली त्यांच्या हॅरॉल्ड कॅम्पबेल या सहकाऱ्याने सडलेल्या गवतातून तो पदार्थ स्फटिकरूपात वेगळा केला. तेच डायकूमारॉल.

जनावराचं दुःख घेऊन इतक्या लांब गेलेला तो माणूस मला आपल्या पांजरापोळातल्या माणसांसारखा वाटतो. पण पुढचं वळण मनाला टोचतं. लिंक यांच्याच प्रयोगशाळेतून त्याच घराण्यातला जास्त जोरकस पदार्थ आला आणि १९४८ साली तो उंदीर मारायचं औषध म्हणून बाजारात आला. संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या विस्कॉन्सिनच्या संस्थेच्या नावातल्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव पडलं वॉर्फरिन. १९५१ साली अमेरिकेतल्या एका सैनिकाने जीव द्यायला हे उंदराचं औषध पुष्कळ खाल्लं. त्याला रक्त आणि जीवनसत्त्व 'के' दिलं आणि तो वाचला. उतारा हाताशी आहे हे कळल्यावर डॉक्टरांचा धीर वाढला. १९५४ साली वॉर्फरिन माणसांसाठी मंजूर झालं. पुढच्याच वर्षी अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांनाही ते दिलं गेलं.

आता हे 'के' म्हणजे काय? डेन्मार्कच्या हेन्रिक डाम यांनी कोंबड्यांवर काम करताना हे जीवनसत्त्व ओळखलं. त्यासाठी १९४३चं नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळालं. रक्त गोठवणारे काही घटक यकृत तयार करतं, त्यांना कामाला लावण्यासाठी 'के' लागतं. वापरून झालेलं 'के' शरीर पुन्हा ताजं करून घेतं. गोळी नेमकी ती वाट अडवते. आणि 'के' सगळ्यात जास्त असतं कशात? पालक, मेथी, अंबाडी, तांदुळजा. आपल्या हिरव्या पालेभाज्यांत.

इथे मी वाचता वाचता थांबले. कारण चातुर्मास म्हटला की आपल्या बऱ्याच घरांत पालेभाजी बंद. एरवीही पाचम, आठम, चौदस या तिथींना हिरवं नाही. पर्युषणात कोणाचा एकासना, कोणाचं आयंबिल, कोणाची अठाई. ताटातलं 'के' कमी झालं आणि गोळी तेवढीच राहिली, तर रक्त गरजेपेक्षा पातळ होतं. मग कार्तिक पौर्णिमा आली, चातुर्मास सुटला, बाजारात मेथीच्या जुड्या स्वस्त झाल्या, दोन्ही वेळा भाजी सुरू झाली. आता उलटं होतं. रक्त घट्ट होतं आणि झडपेवर गाठ धरायची भीती वाढते. संवत्सरीच्या आधी रक्तस्रावाचा धोका, कार्तिकानंतर गाठीचा.

भाभींच्या वहीत हेच लिहिलेलं होतं, फक्त आम्हाला वाचता येत नव्हतं. भाद्रपदात हिरड्यांतून रक्त, दंडावर निळे डाग, आकडा पाचाच्या वर. डॉक्टरांनी गोळी कमी केली. मार्गशीर्षात आकडा दीडच्याही खाली. गोळी पुन्हा वाढवली. डॉक्टरांनी दोन्ही वेळा विचारलं, "खाण्यात काही बदल?" भाभी दोन्ही वेळा म्हणाल्या, "नाही, नेहमीचंच." त्या खोटं बोलल्या नव्हत्या. आपल्याला चातुर्मास हा बदल वाटतच नाही, तो आपलं नेहमीचंच असतो. आणि डॉक्टरांच्या पंचांगात आठम-चौदस नसते.

या आकड्याचाही इतिहास आहे. रक्त गोठायला किती सेकंद लागतात हे मोजायची रीत अमेरिकेतल्या आर्मंड क्विक यांनी १९३५ साली काढली. तिला लागणारं द्रव्य बरीच वर्षं सशाच्या मेंदूपासून बनायचं, आता ते प्राण्यांशिवायही बनवता येतं. अडचण अशी की, प्रत्येक कंपनीचं द्रव्य वेगळं. एकच रक्त दोन प्रयोगशाळांत दिलं तर सेकंद वेगळे यायचे आणि त्यावरून गोळी कमीजास्त व्हायची. कित्येकांना गरजेपेक्षा जास्त औषध गेलं. अखेर १९८३ साली जागतिक आरोग्य संघटनेने सगळ्यांसाठी एक माप ठरवलं, तेच आयएनआर. निरोगी माणसाचं ते एकच्या आसपास. पायातल्या शिरेत गाठ झालेल्यांना सहसा दोन ते तीन ठेवतात, डाव्या बाजूची धातूची मायट्रल झडप असेल तर अडीच ते साडेतीन. या मापामुळे आदिलाबादला काढलेला आकडा नागपूरच्या डॉक्टरांना फोनवर सांगता येतो. गावात रिम्स झालं, लॅबही झाल्या. पूर्वी ज्याच्यासाठी गाडी पकडावी लागे ते काम आता सकाळच्या प्रवचनाआधी होतं.

"आता तर नव्या गोळ्या निघाल्यात, त्यांना तपासणी लागत नाही," असं कोणीतरी सांगतंच. बऱ्याच रोग्यांसाठी ते खरं आहे. पण धातूच्या झडपेवर डॅबिगॅट्रान ही नवी गोळी करून पाहिली, तेव्हा गाठीही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही, म्हणून ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. तिचे निष्कर्ष २०१३ साली छापून आले. सांध्यांच्या तापाने झडप खराब होऊन ठोके अनियमित झालेल्यांवर 'इन्व्हिक्टस' नावाची मोठी चाचणी झाली. २४ देश, साडेचार हजारांवर रोगी, भारतातलेही. २०२२ साली निकाल आला : नव्या रिव्हरॉक्साबानपेक्षा जुनी गोळी घेणाऱ्यांत मृत्यू कमी. त्या रोग्यांत शंभरात बहात्तर बायका होत्या, सरासरी वय पन्नास. म्हणजे हा आजार आपलाच आहे, घर सांभाळणाऱ्या बाईचा. आणि चाचणीत येताना जुनी गोळी घेणाऱ्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश रोग्यांचा आयएनआर योग्य होता.

अजून एक प्रश्न सासूबाईंनी विचारला होता, ऑपरेशनच्या वेळच्या इंजेक्शनबद्दल : "हे कशापासून करतात?" ते हेपारिन. १९१६ साली जे मॅक्लीन या विद्यार्थ्याला त्याचा पहिला माग कुत्र्याच्या यकृतात लागला. आज ते मुख्यतः डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात. मी खरं ते सांगितलं. सासूबाई बराच वेळ माळ फिरवत बसल्या. फोंडापॅरिनक्स हे प्राण्यांशिवाय बनलेलं इंजेक्शन काही आजारांत चालतं, पण हृदयाच्या ऑपरेशनला हेपारिनच लागतं. नंतर स्थानकात महासतीजींना विचारलं. त्यांनी 'चालेल' असंही म्हटलं नाही आणि दोषही दिला नाही. म्हणाल्या, पर्याय असेल तर तो शोधायचा, नसेल तर घ्यायचं आणि बरं झाल्यावर आलोचना करायची. पच्चक्खाणातसुद्धा आगार ठेवलेले असतात. आजारात समाधी मोडू नये म्हणून आपल्या पूर्वजांनी सूट आधीच लिहून ठेवली आहे.

हेच भाभींच्या चातुर्मासाला लागू आहे. आता त्या दरवर्षी आषाढात डॉक्टरांकडे जाताना पंचांग घेऊन जातात. कधीपासून हिरवं बंद, कोणत्या तिथीला उपवास, कधी सुटणार, सगळं आधी सांगतात. डॉक्टर त्याप्रमाणे तपासण्या जवळजवळ लावतात. अठाई त्यांनी सोडली, त्याऐवजी सामायिक वाढवलं. गोळी स्वतःच्या मनाने कमीजास्त करत नाहीत, विसरली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेत नाहीत. पालेभाजी पूर्ण बंद किंवा एकदम भरपूर, असं न करता बेताची आणि रोज सारखी खाणं हेच या गोळीवर सगळ्यात बरं, असं डॉक्टरांनी समजावल्यावर हिरव्याचा त्याग त्यांनी डॉक्टरांना विचारूनच आखला आहे.

घरात गोळीवाल्या सुना-मुली असतील तर एक गोष्ट बोलायला लाजू नका. पाळीत फार रक्त जात असेल, किंवा मूल हवं असेल, तर ते आधी सांगा. ही गोळी पोटातल्या बाळाला बाधू शकते. गोळी बदलायची असेल तर ती दिवस जाण्याच्या आधीच डॉक्टर ठरवतात.

कार्लसनच्या कालवडीला काय खाऊ घातलं, हे विचारल्यावरच तो आजार कळला. आपल्याला तोच प्रश्न विचारला जातो, तेव्हा 'नेहमीचंच' असं म्हणू नका. आज चौदस आहे, हे सांगा. भाभींच्या वहीत आता चौथा रकाना आहे. त्यात तिथी लिहिलेली असते.